नाव रुळावे लागते

मराठीत अद्भुत कथा किंवा कादंबरी लिहायला बसलेल्या लेखकाला कथानकाआधी अडवतात ती नावे. राज्य कोणते, डोंगर कोणता, नदीला काय म्हणायचे आणि त्या नदीत होडी हाकणाऱ्या म्हातारीला गावातली पोरे कोणत्या नावाने हाक मारतात? दोन वाटा तयार असतात. एक संस्कृतची, म्हणजे विक्रमकेतू, चंद्रनगरी, वज्रगड. दुसरी इंग्रजी पुस्तके आणि चित्रपट यांच्या सावलीतली, म्हणजे झोराक, क्रिथान, एल्दोरा असे कुठल्याच भाषेतले नसलेले ध्वनी. दोन्ही वाटांबद्दल माझा आक्षेप एकच आहे: ही नावे कुणी कधी उच्चारलेली वाटत नाहीत. काल्पनिक नाव पटण्यात अर्थाचा आणि नादाचा वाटा थोडा असतो. त्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हाका मारल्या असतील, भांडणे केली असतील, पत्ते सांगितले असतील असे वाटले, की वाचक त्या जगात पाय ठेवतो. बोलणारी तोंडे नावांचे काय करतात याचा पुरावा पाहायचा असेल, तर वसई-विरारइतकी भरलेली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

सोपाऱ्यापासून सुरुवात करू. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने जामदग्न्य रामासाठी मोकळी करून दिलेली भूमी म्हणून शूर्पारक येते. पाली ग्रंथांत तेच सुप्पारक होते. नाशिक आणि कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांत शोर्पारग, सोपारक अशी रूपे कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतले सागरी टिपण कल्याणच्या जोडीने या बंदराची नोंद सुप्पारा अशी करते. अरब लेखकांकडे ते सुबारा होते, आणि मराठीत सोपारा. पुढे रेल्वेच्या स्थानकाला शेजारच्या नाळे गावाचे नाव सोपाऱ्याला जोडून मिळाले आणि नालासोपारा हे जोडनाव लाखो लोकांच्या रोजच्या बोलण्यात आले. या प्रवासात नाव कुठेही मनमानी पद्धतीने बदललेले नाही. प्राकृत जिभेने जोडाक्षर सोपे केले, ग्रीक कानाने ऐकले तसे लिहून घेतले, मराठीने शेवटचा ककार सोडून दिला. नाव झिजते, पण ज्या जिभेवरून ते जाते तिच्या नियमांनी झिजते.

लेखकाच्या हाती यातून एक नेमके साधन येते. आपल्या कल्पित नगरीचे सर्वांत जुने नाव आधी घडवावे आणि मग ते कथेतल्या वेगवेगळ्या लोकांच्या तोंडांतून जाऊ द्यावे. पोथी वाचणारा पुजारी शूर्पारक म्हणेल, परका व्यापारी सुप्पारा म्हणेल, नावाडी सोपारा म्हणेल. तीन माणसांनी एकाच गावाला तीन रूपांनी हाक मारली की त्या राज्यात किती थर आहेत, कोण कुठून आले, कोणाला कोणती भाषा येते, हे वर्णनाचे एकही वाक्य न खर्चता कळते. बहुतेक अद्भुत कादंबऱ्यांच्या नकाशात मात्र प्रत्येक ठिकाणाला एकच नाव असते, आणि राजापासून गुराख्यापर्यंत सगळे ते सारख्याच शुद्धपणे उच्चारतात. नकाशा खोटा वाटायला एवढे पुरते.

वसईच्या किल्ल्याभोवतीची नावे याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतात. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिचे बासाइं झाले. दोनशे वर्षांच्या त्या अमलात चर्चे उभी राहिली, त्यांना मारियामातेच्या बिरुदांची लांबलचक नावे मिळाली. ‘नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस’ या नावातून गावकऱ्यांनी काय ठेवले? रमेदी. ‘नोसा सेन्योरा दास मर्सेस’ मधून काय उरले? मर्सेस. बिरुदातला मान, संबंधाचे प्रत्यय, सगळे गळाले. शेवटचा तुकडा गावाचे नाव झाला आणि तो इतका रुळला, की रमेदीला जाणाऱ्याला आपण पोर्तुगीज शब्द उच्चारत आहोत याचे भानही नसते. याउलट मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर मराठी सत्तेने बाजीरावांच्या नावावरून ठेवलेले बाजीपूर पाहा. नाव सोपे, मराठी तोंडाला सरळ, विजयाचा अभिमान सांगणारे. तरी ते टिकले नाही. इंग्रजांच्या कागदांत बासीन आले, ३१ डिसेंबर १८०२ चा तह याच नावाने इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत गेला, आणि लोकांच्या तोंडी वसई ती वसईच राहिली. परक्यांनी दिलेले रमेदी लोकांनी मोडून आपले केले. स्वकीयांनी दिलेले बाजीपूर त्यांनी घेतले नाही. नाव कोणी दिले यापेक्षा लोकांना ते मोडून वापरता आले का, यावर त्याचे आयुष्य ठरते. कल्पित राज्यात जेत्याने शहराचे नाव बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे ते नवे नाव बोलू लागले, असे लिहिणाऱ्या लेखकाने बाजीपूर आठवावे.

आता गावांच्या नावांचा नाद ऐका. उमराळे, उमेळे, आचोळे, नाळे. तुळिंज, बोळिंज, गिरिज. वालीव, डोलीव. कामण, पोमण. एका तालुक्यातली ही नावे कानाने गटागटांत बसतात. आचोळे म्हणजे काय, हे तिथे जन्मलेल्या माणसाला सांगता येईलच असे नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडत नाही. ज्या नावांत आपण राहतो त्यांतली बरीचशी अशीच अपारदर्शक असतात. अधूनमधून भुईगाव, नवापूर, चिखलडोंगरी अशी लख्ख अर्थाची नावे येतात आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचे जुनेपण अधिक जाणवते. ही ठेवण एकदा कानात बसली की वरळिंज, कानोळे, पारीव अशी नावे मनाने रचता येतात आणि ती परकी वाटत नाहीत. रहस्य एकेका नावात नसते, त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असते. टोल्किनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये नेमके हेच केले. त्याच्या शायर या प्रदेशातली गावे इंग्रजी खेड्यांच्या वळणाची आहेत. त्या प्रदेशाबाहेरच्या ब्री गावासाठी मात्र त्याने जाणूनबुजून जुन्या केल्टिक भाषेतला टेकडी या अर्थाचा शब्द घेतला. आधी इथे वेगळे लोक राहत होते, त्यांची भाषा गेली आणि गावाचे नाव तेवढे उरले, हे वाचकाला न सांगता जाणवावे म्हणून. टोल्किनने भाषा निर्माण केल्या याचे कौतुक सगळे करतात. त्याने नावांचे थर रचले, याकडे मराठी लेखकांचे लक्ष जास्त जायला हवे, कारण ते करायला नवी भाषा घडवावी लागत नाही.

लोक नावावरून गोष्टही तयार करतात. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला आणि त्यातून दगडी पेटी, अस्थिपात्रे, सोन्याची फुले, बुद्धमूर्ती बाहेर आल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात मिळाला. पण त्याआधी शतकानुशतके गावकरी त्या टेकाडाला काय म्हणत होते? बुरूड राजाचा कोट. स्तूप विस्मृतीत गेला, बुद्ध विस्मृतीत गेला, आणि टोपल्या-सुपे विणणाऱ्या एका राजाचा किल्ला तिथे उभा राहिला. शूर्प म्हणजे सूप आणि सूप विणतो बुरूड, हे लक्षात घेतले तर शूर्पारक या नावाच्या पोटातूनच हा राजा जन्मला असावा, असे मला वाटते. विद्वत्तेच्या दृष्टीने ही चूक असेल, पण गोष्ट रचणाऱ्याला ती मोठी देणगी आहे. कल्पित जगातल्या लोकांनीही आपल्या गावाच्या नावाचा असा चुकीचा अर्थ लावलेला असावा, त्यावरून त्यांची एखादी जत्रा, एखादे कुळदैवत, एखादा वाद चालू असावा. लेखकाला खरा अर्थ माहीत असावा आणि पात्रांना नसावा.

यावर पहिला आक्षेप याच बंदराच्या नावाने घेता येईल. जातककथांमधली ४६३ वी कथा सुप्पारक जातक. तिचा नायक सुप्पारक हा भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भडोचचा, आंधळा नाखवा. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली आहे. सातशे व्यापाऱ्यांचे जहाज वादळात भरकटते, एकामागून एक अनोळखी समुद्रांत शिरते, आणि प्रत्येक वेळी लोक त्याला समोर दिसते ते सांगून विचारतात, हा कोणता समुद्र? वस्तऱ्यासारख्या नाकांचे मासे उसळतात तो खुरमाली. पेटल्यासारखा झळकतो तो अग्गिमाली. दह्यासारखा दिसतो तो दधिमाली. हिरव्या कुशाच्या रानासारखा तो कुसमाली, वेळूंच्या बनासारखा तो नळमाली. ही नावे पूर्ण पारदर्शक आहेत, अर्थ उघड आहे, झीज कुठेच नाही. तरी ती अडीच हजार वर्षांच्या भारतीय अद्भुत वाङ्मयातल्या सर्वांत यशस्वी नावांत मोडतात. मग माझा दावा कुठे राहिला?

दावा राहतो, कारण ही नावे त्या कथेत कोणाला लागतात ते पाहिले पाहिजे. ती किनाऱ्यावर बसलेल्या कवीची नावे नाहीत, भरकटलेल्या जहाजावर समोरचे पाणी ओळखायला लागणारी दर्यावर्दी नावे आहेत, आणि दर्यावर्दी माणूस खूण दिसेल तसेच नाव ठेवतो. शिवाय नाव सांगणारा आंधळा आहे. ज्यांना दिसते त्यांना नाव माहीत नाही, ज्याला नाव माहीत आहे त्याला दिसत नाही. या रचनेमुळे साधे वर्णनपर नावही पिढ्यांच्या नौकानयनाच्या ज्ञानातून आल्यासारखे वाटते. आणखी एक गोष्ट आहे. त्या समुद्रांत हिरे, सोने, रूपे, नीलमणी आहेत, आणि सुप्पारक ते नावात येऊ देत नाही. लोभाने जहाज भरून बुडेल म्हणून तो गुपचूप जाळे टाकून रत्ने काढतो. अग्गिमाली या नावात आग आहे, सोने नाही. चांगले नाव दिसते तेवढेच सांगते आणि आतले झाकून ठेवते. सगळ्यांत मोठे कसब शेवटी आहे. पाच समुद्र एकाच प्रत्ययाने ओवलेले. वाचकाच्या कानाला ती लय सवयीची झाली की सहावा येतो, आणि त्याचे नाव आहे वळभामुखी. जिथे पाणी चहूकडून उसळून खोल दरीसारखे दिसते, जिथून जहाज परत येत नाही. ‘माली’ची माळ तुटते आणि भीती नावातूनच अंगावर येते. इतके नेमके नामकरण मी आधुनिक अद्भुत कादंबऱ्यांत फार थोड्या वेळा पाहिले आहे. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त याच कथेचा नायक सुपारग, म्हणजे नीट पार नेणारा, होतो आणि त्याच्या बंदराचे नावही सुपारग पडते. तिथे लेखकाने नाव उलगडून अर्थ हातात दिला आहे आणि माझ्या मते काहीसे गमावले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठीत नाव आणि विशेषतः आडनाव उच्चारले की जात, धर्म, जिल्हा, कधीकधी तालुकासुद्धा उघड होतो. वसईतच पाहा. वर्तक, म्हात्रे, लोपीस, दिब्रिटो, तुस्कानो: वाचकाने आडनाव वाचले की पात्राने तोंड उघडण्याआधीच तो त्याला एका घरात बसवतो. म्हणून लेखक संस्कृत किंवा परक्या ध्वनींकडे पळतो, आणि ते पळणे मला समजते. मराठी कादंबरीच्या सुरुवातीपासून हा फाटा आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ची नायिका विधवांच्या प्रश्नावर बोलणारी, तुमच्याआमच्या घरात असावी अशी यमुना. त्यानंतर काही वर्षांतच अद्भुतरम्य कादंबरीने मुक्तामाला आणि मंजुघोषा अशी नावे घेतली, कारण त्या नायिका कोणाच्याच गल्लीतल्या नव्हत्या. पण संस्कृत नाव जातीबाहेर नेते हा भ्रम आहे. ते सगळ्यांना दरबारात नेऊन बसवते. विक्रमकेतूच्या राज्यात होडी हाकणाऱ्या म्हातारीला नाव उरत नाही. ती ‘एक वृद्धा’ होते. सुटका हवी असेल तर त्या जगातली नाव ठेवण्याची रीतच नव्याने घालून द्यावी लागते: तिथे कोणाला बापाचे नाव लागते, कोणाला गावाचे, कोणाला फक्त कामाचे, कोणाला दोन नावे मिळतात आणि कोणाला एकही नाही.

अशा रीतींचा साठा आपल्याकडे भरपूर आहे. मुले जगत नसली की पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही. लग्नात मुलीचे नाव बदलायचे. नवऱ्याचे नाव बायकोने उच्चारायचे नाही, आणि उच्चारायचे तर उखाण्यात गुंफून. रात्री सापाला साप म्हणायचे नाही, जनावर म्हणायचे. रोगाला देवी म्हणायचे. पालघरच्या डोंगराळ भागातला वारली वाघाचा देव पुजतो आणि त्याला वाघोबा म्हणतो, त्या आदरार्थी रूपात भीती आणि नाते दोन्ही आहे. अर्सुला ले ग्विनने १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये खरे नाव गुप्त ठेवणारा समाज उभा केला आणि जगभरचे वाचक थक्क झाले. नावात सामर्थ्य असते, ते उघडे टाकायचे नसते, हा विचार मराठी घरात कुणाला शिकवावा लागत नाही. आपल्या अद्भुत लेखनाने तो अजून नीट वापरलेला नाही, याची मला खंत वाटते.

तिसरा आक्षेप जी. ए. कुलकर्णींच्या नावाने येईल. ‘रमलखुणा’तल्या दोन दीर्घ कथांपैकी एकीचे नाव ‘इस्किलार’. त्यात मराठी किंवा संस्कृत मूळ ओळखू येत नाही, तरी ते नाव वाचकाच्या मनात रुतून बसले आहे. म्हणजे परका ध्वनीही चालतो. चालतो, पण जी.एं.नी तो कसा वापरला हे पाहायला हवे. त्यांची मोठी पात्रे बहुधा बिननावाची असतात. ‘प्रवासी’, ‘विदूषक’ या शीर्षकांत माणसाची भूमिका आहे, नाव नाही. अशा मोकळ्या जागेत एखादे परके नाव आले तर त्याला वजन येते. तीच नावे पानापानाला डझनभर पेरली असती तर ती एकमेकांत मिसळून गेली असती. दुसरे असे की इस्किलार परके असले तरी जिभेला अडत नाही. त्यातला ‘स्क’ मस्करीत आहे, संस्कारात आहे, आणि शेवटचा ‘आर’ कुंभारात आणि विरारमध्येही आहे. मराठी तोंड त्या नावावर ठेचकाळत नाही. क्रिथान आणि झोराक यांचे तसे होत नाही. ती लेखकाने डोळ्यांनी रचलेली असतात, मोठ्याने म्हणून पाहिलेली नसतात.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. वसईच्या ठेवणीची नावे घातली तर चंद्रपूरच्या किंवा बेळगावच्या वाचकाला ती ओळखीची कशी वाटणार? ओळखीची वाटण्याची गरजच नाही. त्याला इतकेच कळावे लागते की ही नावे एकमेकांची भावंडे आहेत, आणि ते कोणत्याही कानाला कळते. चंद्रपूरच्या लेखकाने वसईची नावे उचलावीत असेही मी म्हणत नाही. त्याने आपल्या तालुक्याची ठेवण ऐकावी, बेळगावच्याने कानडी-मराठी सीमेवरची दुहेरी नावे ऐकावीत. तिथे एकाच गावाला बेळगाव आणि बेळगावी म्हणणारे लोक आजही एका बाजारात भेटतात.

अशा नावांची सामग्री कुठे मिळेल, हे सांगता येते. जुने ठाणे जिल्हा गॅझेटियर आहे, शिलालेखांच्या नोंदी आहेत. आणि सातबारा उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. अनेक उताऱ्यांवर तो कोराच सोडलेला असतो, पण नावे असतातच. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्या, त्यांच्या काठची बावखले म्हणजे लहान तळी, त्यांच्यामधल्या वाटा यांना सामवेदी, वाडवळी, कोळी घरांत वापरातली नावे आहेत. ती ना महापालिकेच्या नकाशात आहेत ना मोबाइलच्या. ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, पूर्वेला एव्हरशाईन सिटी आणि विरारला ग्लोबल सिटी अशी विक्रीसाठी रचलेली नावे आली, आणि वाडी विकली गेली की तिचे नाव वापरणारे तोंडही जागा सोडते. हे काम संशोधकावर सोपवून लेखकाने मोकळे होऊ नये. गावातल्या जुन्या माणसांकडे वही घेऊन बसावे, प्रत्येक शेताचे, बावखलाचे, बांधाचे नाव ते उच्चारतील तसेच लिहून घ्यावे, कोण काय म्हणते यातला फरकही टिपावा, आणि अर्थ विचारण्याची घाई करू नये.